माल भारी होता, लाईनच नव्हती

मोटरहेड ह्या ब्रिटिश मेटल बॅन्डचं नाव काढलं की लोकं 'एस ऑफ स्पेड्स' म्हणतात आणि तिथंच थांबतात. ठीक आहे, भारीच गाणं आहे ते, त्याबद्दल वाद नाही. पण मला विचाराल तर ह्या बॅन्डचा सगळ्यात रागीट आणि सगळ्यात कसलेला अल्बम म्हणजे १९९३ चा 'बास्टर्ड्स', आणि तो चांगल्या चांगल्या मेटलवाल्यांनी ऐकलेला नसतो, त्या दातवाल्या मुंडक्याचा टीशर्ट घालून नागपूरच्या फुटाळा तलावावर फिरणाऱ्यांनी तर नसतोच नसतो. गाणी कमी पडली म्हणून नाही, लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, कमी पडलं म्हणून.

आधीच सांगतो, मी काही म्युझिकवाला नाही. गांधीबागेत आमचं औषधांचं होलसेल आहे, वडिलांपासूनचं, दिवसभर खोके, एक्सपायरी, क्रेडिट नोटा आणि उधारी. त्यामुळे रेकॉर्ड कंपनी ह्या प्रकाराकडे मी जरा वेगळ्याच डोळ्यांनी बघतो. लोकांना त्यात कलाकाराचा छळ दिसतो, मला त्यात स्टॉकिस्ट दिसतो. आणि 'बास्टर्ड्स'ची गोष्ट स्टॉकिस्टच्या नजरेनं बघितल्याशिवाय कळतच नाही असं माझं म्हणणं आहे.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याचा बॅन्ड आहे, मनीषनगरात कोणाच्या तरी गच्चीवरच्या खोलीत प्रॅक्टिस करून राहतात आणि शेजारच्यांच्या शिव्या खातात. त्याचं ठाम मत, "मामा, लेबलवाले सगळे चोर असतात. अन् आता पाह्यजेच कायले लेबल? गाणं बनवलं, ऑनलाईन टाकलं, झालं." पहिलं वाक्य लेमीला, म्हणजे मोटरहेडच्या गाणाऱ्या आणि बास वाजवणाऱ्या म्होरक्याला, ऐकवलं असतं तर त्यानं ह्याला स्वतःच्या खर्चानं जॅक डॅनियल्स पाजली असती. दुसऱ्या वाक्याशी माझं भांडण आहे.

चोर तर होतेच की. लेमीचं आणि लेबलांचं पहिल्यापासूनच वाकडं. १९७५ मध्ये कॅनडाच्या बॉर्डरवर ड्रग्जच्या भानगडीत पकडला गेला म्हणून हॉकविंड ह्या त्याच्या बॅन्डनं त्याला काढलं, मग त्यानं स्वतःचा बॅन्ड काढला आणि त्याला नाव द्यायचं होतं 'बास्टर्ड'. मॅनेजर म्हणाला, असल्या नावाच्या बॅन्डला टीव्हीवर, 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये, कोण उभं करणार. म्हणून मोटरहेड. युनायटेड आर्टिस्ट्ससाठी ह्यांनी वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओत पहिला अल्बम रेकॉर्ड केला, कंपनीनं ऐकला आणि कपाटात ठेवून दिला. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, नुसता ठेवून दिला. १९७७ पर्यंत बॅन्ड बंद करायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या, तेवढ्यात चिसविक नावाच्या छोट्या लेबलच्या मालकानं एक सिंगल करा म्हणून दोन दिवस स्टुडिओ दिला आणि ह्या पठ्ठ्यांनी त्या दोन दिवसांत अख्खा अल्बमच वाजवून ठेवला. पुढं १९७९ मध्ये बॅन्ड दुसऱ्याच लेबलवर जोरात चालायला लागला तेव्हा युनायटेड आर्टिस्ट्सला एकदम कपाटातला माल आठवला, आणि तो 'ऑन पॅरोल' नावानं बाजारात आला. आता चालू राह्यलं ना, मग काढा आपलं पण. आमच्या बाजारात असले लोक मी रोज बघतो.

ते दुसरं लेबल म्हणजे ब्रॉन्झ. तिथले दिवस चांगले होते, १९८१ मध्ये 'नो स्लीप टिल हॅमरस्मिथ' हा लाईव्ह अल्बम ब्रिटनमध्ये एक नंबरला गेला, लाईव्ह अल्बम, तोही असल्या आवाजाचा. पण उतरण लागली तशी कंपनीचं मन उडालं. १९८४ मध्ये त्यांना वाटलं ह्यांचं आता आटोपलं, जुनी गाणी गोळा करून एक कलेक्शन काढू आणि हिशोब बंद. लेमी म्हणाला काढा, पण माझ्या नवीन पोरांची चार गाणी त्यात जाणार. 'किल्ड बाय डेथ' त्यातलंच आहे, म्हणजे कंपनी ज्याला बॅन्डची तेरवी समजत होती त्यात ह्यांनी पुढची कित्येक वर्षं स्टेजवर वाजवायचं गाणं घुसवून दिलं. त्यानंतर भांडण गेलं कोर्टात. आणि कोर्ट म्हणजे कोर्ट, इकडचं काय अन् लंडनचं काय. १९८६ मध्ये 'ऑर्गॅस्मट्रॉन' येईपर्यंत नवीन रेकॉर्ड नाही, चालता-बोलता बॅन्ड, स्टेजवर रोज घाम गाळतोय, दहा वर्षं झाली म्हणून १९८५ मध्ये हॅमरस्मिथ ओडियनला वाढदिवसाचे शो पण करतोय, पण स्टुडिओत पाय ठेवायची चोरी.

'ऑर्गॅस्मट्रॉन' जीडब्ल्यूआरवर आला, ते त्यांच्या मॅनेजरच्याच घरचं लेबल. घरचं असलं म्हणून काय झालं, तिथंही शेवटी वकील आलेच. १९८७ च्या 'रॉक अँड रोल'नंतर पुढचा स्टुडिओ अल्बम थेट १९९१ मध्ये.

इथून खरी गोष्ट सुरू होते, आणि इथून मी जरा रेंगाळणार आहे.

१९९० मध्ये लेमी लंडन सोडून लॉस एंजेलिसला राहायला गेला आणि ह्या बॅन्डला मोठ्या कंपनीचा दरवाजा उघडला, सोनीच्या छत्रीखालचं डब्ल्यूटीजी नावाचं लेबल. १९९१ मध्ये आला '१९१६'. सगळ्यांनी ह्याला कमबॅक म्हटलं आणि ते बरोबरच होतं. शेवटचं गाणं पहिल्या महायुद्धात मेलेल्या पोरांवर, गिटार नाही काही नाही, चेलो आणि लेमीचा तो खडबडीत आवाज एकदम खाली आणून गायलेला. ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं, हरले मेटॅलिकाकडून, त्या साली मेटॅलिकाचा काळा अल्बम होता, त्याच्यापुढं कोण टिकणार. ह्याच अल्बमचा एक किस्सा मला फार आवडतो. सुरुवातीला प्रोड्यूसर दुसरा होता, मिक्स ऐकताना लेमीला एका गाण्यात काहीतरी खटकलं, म्हणाला हे चॅनल जरा वर कर, तर त्यात टॅम्बरीन आणि क्लेव्ह निघाले, जे ह्यांच्यापैकी कोणी वाजवलेच नव्हते. बॅन्ड नसताना त्या भाऊनं हळूच घातले होते. त्याला तिथंच नारळ दिला. मोटरहेडच्या गाण्यात टॅम्बरीन म्हणजे सावजीच्या रश्श्यात कोणी साखर घातल्यासारखं आहे, नारळ मिळणारच.

मग १९९२ चा 'मार्च ऑर डाय'. इथं जुना ड्रमर फिल टेलर गेला, म्हणजे काढला, कारण त्याचं वाजवणं पार ढेपाळलं होतं. ह्या अल्बमवर गायक ऑझी ऑस्बॉर्न आणि गन्स एन' रोझेसचा स्लॅश दोघंही एका गाण्यात आहेत, 'आय एन्ट नो नाईस गाय', शांत, रेडिओवर सहज चालेल असं गाणं. आता तुम्ही सांगा, ऑझी तेव्हा सोनीच्याच एपिक लेबलवर, 'नो मोअर टियर्स' तुफान विकला जातोय, स्लॅश म्हणजे तेव्हा जगातला सगळ्यात मोठा गिटारवाला, दोघं तुमच्या पडक्या बॅन्डच्या गाण्यात आयते येऊन उभे राहिलेत. कोणताही शहाणा माणूस काय करेल? व्हिडिओ काढेल, एमटीव्हीवर नाचवेल. सोनीनं पैसेच दिले नाहीत. बॅन्डनं शेवटी आपल्या खिशातून व्हिडिओ केला. ह्या सगळ्याचा राग लेमीच्या आत्मचरित्रात अगदी ताजा ताजा आहे, वर्षं उलटून गेली तरी.

आणि ह्यातली गंमत बघा. ऑझीच्या त्या 'नो मोअर टियर्स' अल्बमवरच्या चार गाण्यांचे शब्द लेमीनं लिहिलेले आहेत, 'मामा आय एम कमिंग होम' धरून. तो नंतर सांगायचा की त्या चार गाण्यांनी जेवढे पैसे दिले तेवढे मोटरहेडनं पंधरा वर्षांत दिले नव्हते. म्हणजे माल त्याचाच, कंपनी तीच, फक्त लाईन, म्हणजे माल गिऱ्हाईकापर्यंत न्यायची वाट, वेगळी. एका लाईनवर सोनं, दुसऱ्या लाईनवर धूळ. हे वाक्य मी भाच्याला दोनदा ऐकवलं, त्यानं दोन्ही वेळा मान हलवली आणि मोबाईलमध्ये बघितलं.

'मार्च ऑर डाय'नंतर सोनीनं हात झटकले. १९९३ उजाडलं तेव्हा परिस्थिती अशी, बॅन्ड अठरा वर्षांचा, लेमी सत्तेचाळीस वर्षांचा, लेबल नाही, आणि बाहेर सगळीकडे सिअ‍ॅटलच्या ग्रंज रॉकची हवा, मेटल म्हणजे जुन्या लोकांचा कारभार असं सगळी पोरं म्हणू लागलेली. पण लाइनअप मात्र इतकी वर्षं जमली नव्हती अशी जमलेली. लेमी, दोन गिटारवाले वुर्झेल आणि फिल कॅम्पबेल, आणि ड्रम्सवर स्वीडनचा मिकी डी, किंग डायमंडच्या बॅन्डमधून तयार होऊन आलेला. आधीच्या अल्बममध्ये तो एका गाण्यापुरता होता, हा त्याचा पहिला पूर्ण अल्बम. प्रोड्यूसर हॉवर्ड बेन्सन, ज्यानं पुढं माय केमिकल रोमान्सचा वगैरे मोठ्ठा अल्बम केला, तेव्हा तो एवढा कोणी नव्हता. अल्बमला नाव दिलं ते १९७५ चं, मॅनेजरनं नाकारलेलं. आता टीव्हीवर येण्याची भीती कोणाला होती म्हणा.

आणि हा अल्बम विकायला कोण भेटलं? झेडवायएक्स. जर्मन कंपनी. धंदा काय, तर डान्स म्युझिक, इटालो डिस्को, टेक्नो, डिस्कोथेकवाल्यांची कलेक्शनं. 'इटालो डिस्को' हे नावच ह्या कंपनीच्या मालकानं रूढ केलं असं सांगतात. म्हणजे माणूस आपल्या कामात वस्ताद होता. फक्त त्याचं काम हे नव्हतं.

इथं माझ्यातला दुकानदार जागा होतो. समजा एखाद्या कंपनीकडं आयुर्वेदिक तेलाची लाईन आहे, उत्तम चालते, सगळे केस-तेलवाले दुकानदार ओळखीचे. उद्या तिनं हार्टची एक नंबर गोळी काढली. गोळी अस्सल, रिझल्ट भारी. पण त्यांचा एमआर कधी हार्टच्या डॉक्टरच्या केबिनबाहेर बसलेला नाही, त्याला डॉक्टरचं नाव माहीत नाही, वेळ माहीत नाही, कंपाउंडरला काय पाहिजे ते माहीत नाही. स्टॉकिस्ट म्हणतो ठेवून द्या दोन खोके, पाहू. मागणी येत नाही कारण लिहून द्यायला कोणी नाही, लिहून द्यायला कोणी नाही कारण कोणी सांगितलंच नाही, आणि मग ते दोन खोके एक्सपायरीच्या रॅकवर जातात. ह्यात चोर कोण आहे? कोणीच नाही. गोळीला काही झालेलं नाही, कंपनीनं कोणाचे पैसे खाल्लेले नाहीत. 'बास्टर्ड्स'चं नेमकं हे झालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला अल्बम बाहेर आला, जर्मनीत दुकानात दिसला, बाकी जगात इम्पोर्टवाल्यांच्या भरवशावर. इंग्लंडच्या बॅन्डचा अल्बम इंग्लंडमध्ये धड मिळत नव्हता, अमेरिकेचं तर सोडूनच द्या, आणि लेमी राहायला अमेरिकेत! ब्रॉन्झनं निदान कोर्टात तरी खेचलं, म्हणजे तुमची काहीतरी किंमत होती. इथं कोणाचा रागच नव्हता. कंपनीला ह्या मालाचं काय करायचं ते माहीत नव्हतं, बस. मला हा प्रकार सगळ्यात वाईट वाटतो, कारण ह्यात शिव्या तरी कोणाला देणार.

आता आपल्या नागपूरपर्यंत तो कसा येणार होता ते बघा. तेव्हा इंग्लिश कॅसेट इथं यायच्या त्या करारावर. बाहेरच्या मोठ्या कंपनीचा इथल्या कोणाशी तरी करार, मग तीच कॅसेट इथं छापून आपल्या किमतीत. ईएमआयचा माल एचएमव्हीकडं, म्हणून आयर्न मेडनच्या कॅसेटवर तो कुत्रा असायचा. वॉर्नरचा माल मॅग्नासाऊंडकडं. बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, कॅसेटच्या दुकानात काचेमागं जे काही लावलेलं असायचं ते ह्या दोन-चार दारांतूनच आलेलं. तिथल्याच मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये शिरलं की पायरसीवाले, पण पायरसीवाला सुद्धा तेच छापणार ना जे त्याच्या कानावर आलं, त्याला पण मागणी लागते. झेडवायएक्सचा इथल्या कोणाशी मेटलसाठी करार असायचा प्रश्नच नव्हता. मी तेव्हा कॉलेजात, बी.फार्म., बर्डीवर प्रत्येक दुकानात विचारायचो, मोटरहेडचं नवीन काही आलं का भाऊ? एक दुकानदार, चांगला माणूस होता, बीटल्सपासून सगळं ऐकलेला, तो म्हणायचा, "अबे बंद झाला न तो बॅन्ड." तो काही खोटं बोलत नव्हता. त्याच्या काउंटरवर जे येत नाही ते त्याच्यासाठी बंद.

मला तो अल्बम मिळाला तो धरमपेठेतल्या मित्रामुळं, त्याचा मोठा भाऊ ट्रेनिंगला जर्मनीत होता आणि त्याला आम्ही जी भलीमोठी यादी पाठवली होती त्यातली बहुतेक नावं त्याला तिथं मिळाली नाहीत, पण हे मिळालं, कारण मिळण्यासारखी जगात हीच एक जागा होती. सीडी मित्राकडंच राहिली, माझ्याकडं सीडी प्लेअर कुठला, मी त्याच्या डेकवर कोऱ्या साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये भरून घेतली. उन्हाळा होता, खोलीत कूलर चालू, डेक आणि कूलर एकाच बोर्डावर, आणि कूलरची मोटर जोर घ्यायची तेव्हा डेकचे दिवे मंदावायचे. त्या डेकची मोटर मुळातच जराशी हळू होती, त्यामुळं तिच्यावर भरलेलं कुठल्याही दुसऱ्या टेपवर लावलं की थोडं पळायचं. अगदी थोडं, पण आवाज चढा व्हायचा. त्यामुळं कित्येक वर्षं माझ्या कानातला लेमी खऱ्या लेमीपेक्षा अर्धा सूर वर गायचा आणि मिकी डी आहे त्याहून जास्त पिसाळलेला. नंतर मूळ अल्बम ऐकला तेव्हा मला तो चक्क जड वाटला, म्हटलं ह्यांना झोप आली का. अजूनही मला माझीच आवृत्ती जास्त आवडते, हे कोणाला सांगायची सोय नाही.

कॅसेटवर अल्बमचं नाव लिहायची घरी शामत नव्हती. मी नुसतं 'एमएचडी ९३' लिहिलं. आई ती कॅसेट दुकानाच्या सॅम्पलच्या डब्यात ठेवून द्यायची, तिला वाटायचं बॅच नंबर आहे.

गाण्यांबद्दल बोलतो. पहिलं 'ऑन युवर फीट ऑर ऑन युवर नीज', काही प्रस्तावना नाही, थेट कानफटात. लगेच 'बर्नर', आणि इथं मिकी डी काय करतो ते ऐका. जुने मोटरहेडवाले म्हणतात फिल टेलरचा लळत-लोंबकळत धावणारा स्विंग गेला, मशीन आलं. मान्य, स्विंग गेला. पण 'बर्नर'मध्ये त्या दोन्ही पायांच्या बास ड्रमवर लेमीचा बास जसा बसलाय, तो बास म्हणजे तसाही बास कमी आणि गंजलेली रिदम गिटार जास्त, ते बघितल्यावर मला कळतं की हा बॅन्ड पुढची बावीस वर्षं कशावर उभा राहिला. 'आय अॅम द सोर्ड', 'डेथ ऑर ग्लोरी' लढाईची गाणी, लेमीला इतिहासाचं वेड होतंच. 'लॉस्ट इन द ओझोन' हे एकट्या, भरकटलेल्या माणसाचं गाणं, हळू, ह्या अल्बममधलं माझं सगळ्यात आवडतं.

आणि मग 'डोन्ट लेट डॅडी किस मी'. हे गाणं बापाकडून लैंगिक अत्याचार होणाऱ्या लहान मुलीवर आहे. १९९३ मध्ये, मेटलच्या अल्बमवर, अॅकूस्टिक गिटारवर. लेमीनं ते आधीच लिहून ठेवलं होतं आणि हे कोणा बाईनं गावं म्हणून लिटा फोर्डला दिलं, जोन जेटला दिलं. कोणाकडूनच झालं नाही. शेवटी स्वतःच गायला. कॉलेजात ऐकलं तेव्हा शब्द धड कळले नव्हते, त्या पळणाऱ्या कॅसेटवर तर नाहीच. आता स्वतःला मुलगी आहे, आता हे गाणं मी लावत नाही, लागलं तर बदलतो. पण ते ह्या अल्बमवर आहे आणि तसल्या नावाखाली आहे ह्याबद्दल मला त्या माणसाविषयी फार वाटतं. हे गाणं एखाद्या मोठ्या कंपनीकडून बाहेर पडलं असतं तर त्यावर बोलणं झालं असतं, चर्चा, वाद, पेपरात काहीतरी. ते जर्मनीतल्या डिस्को कलेक्शनांच्या शेजारी रॅकमध्ये पडून राहिलं.

एक गाणं मात्र निसटून बाहेर आलं, 'बॉर्न टू रेझ हेल'. पुढच्या वर्षी एका हॉलीवूड कॉमेडीसाठी ते परत रेकॉर्ड केलं, रॅपर आईस-टी आणि अग्ली किड जो बॅन्डचा गायक व्हिटफिल्ड क्रेन ह्यांना सोबत घेऊन. लोकांना ते गाणं माहीत आहे, ते कुठल्या अल्बमचं ते माहीत नाही. म्हणजे सिनेमाची लाईन लागली तर तेच गाणं चाललं ना! गाण्यात तर काही बदल नव्हता.

म्हणून मी भाच्याला म्हणतो, लेबल चोर आहे की साव हा प्रश्नच नाही. लेबल तुझा माल कोणाच्या काउंटरवर नेऊन ठेवतो, तो काउंटरवाला त्याला ओळखतो का, आणि तुझ्या गाण्याचं गिऱ्हाईक त्या काउंटरवर येतं का. तू ऑनलाईन टाकलं म्हणजे काय केलं, तर गोडाऊनमध्ये ठेवलं. जगातलं सगळ्यात मोठं गोडाऊन, मान्य, भाडं पण नाही. पण तिथून उचलून कोणाच्या कानात घालणार कोण? त्याच्या बॅन्डचं एक गाणं आहे, खरंच चांगलं आहे, मामा म्हणून नाही सांगत, त्यातला मधला रिफ मी दुकानात हिशोब करताना गुणगुणतो. ते ऐकलंय कोणी, तर मी, त्यांच्या कॉलेजचा ग्रुप आणि बहुतेक त्या गच्चीचे शेजारी. तो म्हणतो, "मग काय आपण बी झेडवायएक्सवाल्याले शोधाचं का आता?" म्हटलं नाही बे, झेडवायएक्सवाला नकोच, तो तर तुला आपोआप भेटला आहे. तेच तर सांगून राहिलो.

मोटरहेडला पुढं लाईन मिळाली, तीही जर्मनीतच. एसपीव्ही, पण ती मेटलवाली कंपनी, तिला माहीत होतं हा माल कुठल्या दुकानात आणि कुठल्या फेस्टिव्हलला विकतात. १९९५ चा 'सॅक्रिफाईस' तिथून आला, त्याच सुमारास वुर्झेल सोडून गेला, तीन जण उरले आणि तेच तिघं शेवटपर्यंत राहिले. फार मोठं यश वगैरे नाही, पण दर दोन-तीन वर्षांनी अल्बम, दरवर्षी टूर, माल वेळेवर काउंटरवर. एसपीव्ही २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा बॅन्ड इतका मुरलेला होता की त्यांनी सरळ स्वतःच्याच नावाचं लेबल काढून युडीआर कंपनीतर्फे पुढचे अल्बम आणले. म्हणजे स्वतःचं लेबल काढलं तेव्हा सुद्धा लाईन दुसऱ्याची घेतलीच, हे आमच्या भाच्यासारख्यांनी नीट वाचावं. शेवटचा अल्बम २०१५ चा, त्याच वर्षी २८ डिसेंबरला लेमी गेला, सत्तर पूर्ण करून चार दिवसांनी.

ग्रॅमी मिळाली ती २००५ मध्ये, आणि कशासाठी, तर मेटॅलिकाचंच एक गाणं मोटरहेडनं वाजवलं त्यासाठी. १९९१ च्या अल्बमला मेटॅलिकाकडून हरलेल्या माणसाला मेटॅलिकाच्या गाण्यावर बक्षीस. लेमीनं ते घेतलं, पण ज्यांना अख्खा 'बास्टर्ड्स' दिसला नाही त्यांची बक्षिसं मी तरी फार मनावर घेत नाही.

ऐकायचा असेल तर यूट्यूबवर गाणी सापडतात, पण तुकड्यातुकड्यात ऐकू नका, क्रमानं ऐका, बारा गाणी आहेत, पाऊण तासाचं काम आहे. मोबाईलच्या स्पीकरवर तर अजिबात नको, त्यावर लेमीचा बास डास चावल्यासारखा येतो. जुना होम थिएटर पडला असेल घरात कुठं, तो काढा, बायको आणि शेजारी बाहेर गेलेले असताना लावा, 'डोन्ट लेट डॅडी किस मी'च्या वेळी लहान पोरं खोलीत नकोत, आणि 'बर्नर' गाडी चालवताना तर लावूच नका, वर्धा रोडवरचं माझं चलान त्याच गाण्याचं आहे.